‘सांक्या’मधील तरुणांचा राग नेमका कोणावर आहे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
आमच्या वाचकगटाने रशियन लेखक झाखार प्रिलेपिन यांची ‘सांक्या’ (२००६) ही कादंबरी इंग्रजीतून वाचली आणि चर्चा एकाच मुद्द्यावर अडली. साशा तिशिन आणि त्याचे साथीदार मॉस्कोच्या रस्त्यावर तोडफोड करतात, पोलिसांचा मार खातात आणि अखेर सरकारी इमारतीचा ताबा घेतात. पण त्यांना हवे आहे तरी काय, हे ते धडपणे सांगत नाहीत. वागळे इस्टेटमध्ये उमेदीची वर्षे काढलेल्या एका सदस्यांनी ‘हाताला काम नसले की पोरे बिघडतात’ असे म्हणून विषय मिटवला. मला ते पुरेसे वाटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (ऐरोली)
वडिलांच्या अंत्ययात्रेचा भाग पुन्हा वाचावा. बसचालक बर्फातून पुढे जायला नकार देतो, तेव्हा साशा, त्याची आई आणि वडिलांचा जुना विद्यार्थी बेझ्लेतोव शवपेटी ओढत गावाकडे निघतात. त्या गावात आता म्हातारी माणसेच उरली आहेत. आजी-आजोबांची मुले त्यांच्याआधीच गेली. वडील नाहीत, गाव ओस पडत चालले आहे आणि ज्या देशात जन्म झाला तो सोव्हिएत संघही राहिला नाही, अशा मुलाला नोकरी मिळाली असती तरी तो शांत बसला असता, असे मला वाटत नाही. त्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगणारा बेझ्लेतोवच पुढे सत्तेच्या वळचणीला जातो, ही लेखकाची सर्वांत बोचरी टीका आहे.

उत्तर (वाशी)
ऐरोलीकरांचे म्हणणे मान्य आहे, पण राजकारण वगळून चालणार नाही. कादंबरीतील या तरुणांच्या संघटनेमागे रशियन लेखक व राजकारणी एदुआर्द लिमोनव यांचा नॅशनल बोल्शेविक पक्ष उघड दिसतो आणि प्रिलेपिन स्वतः त्याचे सदस्य होते. २००४ च्या ऑगस्टमध्ये, वृद्धांच्या व अपंगांच्या सवलती काढून रोख रक्कम देण्याच्या निर्णयाविरुद्ध, या पक्षाची मुले मॉस्कोत आरोग्य मंत्रालयात घुसली होती. २००७ मध्ये पक्षावर बंदी आली. त्यांची मागणी दुबळ्यांच्या बाजूची होती, पण मनातले स्वप्न मात्र साम्राज्याचे होते. म्हणूनच २०१४ च्या इंग्रजी आवृत्तीला पुतिनविरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांची प्रस्तावना असावी आणि लेखकाने पुढे पूर्व युक्रेनमधील दोनबासमध्ये रशियाच्या बाजूने शस्त्र धरावे, याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. राग क्रेमलिनवर होता खरा, पण तो क्रेमलिन दुबळे झाले म्हणून.

उत्तर (कोपरी)
दस्तयेव्स्कींच्या ‘डेमन्स’ या कादंबरीशी तुलना केल्यास एक फरक जाणवतो. तिथे वेर्खोवेन्स्की सूत्रे हलवतो आणि बाकीचे फसतात. ‘सांक्या’त नेता कोस्तेन्को तुरुंगात आहे, आणि पोरे आपल्याच निर्णयाने पुढे जातात. त्यांना कोणी फूस लावली, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न येथे लागू पडत नाही.

मूळ प्रश्नकर्ता (नौपाडा)
आपणा सर्वांचे आभार. वाशीकरांचा मुद्दा पटला, मात्र बेझ्लेतोवविषयी मी सहमत नाही. शवपेटीची दोरी त्यानेही ओढली होती, आणि तिशिनच्या गटातील कोणीही त्या गावात राहायला गेलेले नाही.