जुन्या इमारतींत हीट पंपांचा प्रसार मंद का?

प्रश्न: हीट पंप (बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता घरात खेचून आणणारे यंत्र) १ युनिट विजेवर साधारण ३ ते ४ युनिट उष्णता देतो, तरीही जुन्या इमारतींत तो इतका कमी का दिसतो?

उत्तर १: तेथील रेडिएटर (गरम पाण्याने खोली उबदार ठेवणारी उपकरणे) बहुधा गॅसवर पाणी तापवणाऱ्या बॉयलरच्या ७० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यासाठी निवडलेले असतात, तर हीट पंप ३५ ते ४५ अंशांवर अधिक कार्यक्षम ठरतो, म्हणून आधी भिंती व छताचे उष्णतारोधन सुधारावे आणि गरजेनुसार रेडिएटर मोठे करावेत.

उत्तर २: माझ्या मते खरी मेख दरांत आहे. वीज गॅसच्या चौपट महाग असेल, तर तिप्पट कार्यक्षमतेनेही बिल उतरत नाही.

प्रश्नकर्ता: मग हीट पंपासाठी मिळणारे अनुदान निरुपयोगी समजावे का?

उत्तर २: नाही, सुरुवातीचा खर्च त्यामुळे हलका होतो, मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञ नसल्यास गरजेपेक्षा मोठा पंप बसवला जातो आणि तो सारखा चालू-बंद होत राहतो.