इंग्रजीतलं 'इफ': मराठीतला 'तर' नेमका कुठे फसवतो?

डिचोलीचा_पालक
मुलगी नववीत. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग इंग्रजी माध्यम. झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल (अटीच्या वाक्यांचे चार प्रकार) तोंडपाठ, रिकाम्या जागाही बरोबर भरते. पण स्वतः लिहायला घेतलं की 'पाऊस पडला तर फेरीबोट उशिरा येईल' याचं कधी 'इफ इट विल रेन, द फेरी विल बी लेट' करते, तर कधी 'इफ इट रेन्ड, द फेरी विल बी लेट'. 'गेले असते' आलं की सेकंड की थर्ड, सगळं अंदाजपंचे. कसं समजवायचं?

शब्दांची_उठाठेव
दोन्ही चुका मराठीतूनच येतात. 'पडला तर' यातला 'पडला' दिसतो भूतकाळी, पण पाऊस अजून पडलेलाच नाही. रूप पाहून भाषांतर केलं की 'रेन्ड' होतं. अर्थ पाहून केलं की दोन्हीकडे 'विल' लागतं. इंग्रजीत 'इफ'च्या बाजूला साधा वर्तमानकाळ आणि 'विल' फक्त परिणामाच्या बाजूला: 'इफ इट रेन्स, द फेरी विल बी लेट.' घरी कोंकणी बोलत असाल तरी सुटका नाही, 'पावस पडलो जाल्यार' यातही तेच रूप आहे.

आणि 'तर'साठी 'देन' घालायची गरज नसते. 'इफ'चा भाग आधी आला तर स्वल्पविराम. मागाहून आला तर सहसा नाही.

फोंडा_व्याकरण
खरी गोम 'असते'मध्ये आहे. 'माझ्याकडे स्कूटर असती तर मी म्हापशाला गेले असते.' हे आजचं की गेल्या शुक्रवारच्या बाजाराचं? मराठी वाक्य सांगत नाही, संदर्भावरून कळतं. इंग्रजीला मात्र ते आधी ठरवावंच लागतं. म्हणून भाषांतराआधी मराठी वाक्यातच वेळ घालायला लावा.

'आत्ता' बसत असेल तर (सेकंड): 'इफ आय हॅड अ स्कूटर, आय वुड गो टू म्हापसा.'
'गेल्या शुक्रवारी' बसत असेल तर (थर्ड): 'इफ आय हॅड हॅड अ स्कूटर, आय वुड हॅव गॉन टू म्हापसा लास्ट फ्रायडे.'

म्हणजे जे खरं नाही ते सांगताना 'इफ'कडचं क्रियापद काळात एक पायरी मागे जातं. आजची गोष्ट साध्या भूतकाळात, कालची 'हॅड'सकट पूर्ण भूतकाळात. 'हॅड हॅड' बघून मुलं एक खोडतात. खोडू नये, पहिला साहाय्यक, दुसरा 'जवळ असणे' या अर्थाचा.

मराठीत 'असता' दोन्ही भागांत येतो, त्यामुळे मुलं 'इफ आय वुड हॅव गॉन' लिहितात. परीक्षेत 'वुड' परिणामाकडेच ठेवावं. आणि दोन भागांची वेळ वेगळी असू शकते: 'तेव्हा अभ्यास केला असता तर आज नोकरी असती' म्हणजे 'इफ आय हॅड स्टडीड देन, आय वुड हॅव अ जॉब नाऊ.' हे ना सेकंड, ना थर्ड. म्हणून नंबर पाठ करण्यापेक्षा प्रत्येक भागाची वेळ विचारलेली बरी. (इथला 'देन' म्हणजे 'तेव्हा'. वर म्हटलेला 'तर'वाला नव्हे.)

खाजनकाठ
झिरोची, म्हणजे नेहमीच घडणाऱ्या गोष्टीची, खूण मराठीत बहुधा 'की' असते. 'भरतीचं पाणी चढलं की मानशीची दारं बंद होतात' (मानस म्हणजे खाजन शेतीच्या बांधातली पाणी अडवायची झडप) याच्या इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. 'इफ'च्या जागी 'व्हेन' घालून अर्थ तसाच राहिला तर झिरो समजा. फेरीबोटीच्या वाक्यात 'व्हेन' घातलं तर पाऊस नक्की पडणार असा अर्थ होतो, म्हणजे ते फर्स्ट.

'अनलेस'लाही जपा. 'घाई केली नाहीस तर बोट चुकेल' यातला 'नाही' ओढून आणला की 'अनलेस यू डोन्ट हरी' होतं, आणि अर्थ नेमका उलटा. 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे: 'अनलेस यू हरी, यू विल मिस द फेरी.'

डिचोलीचा_पालक
'की'ची खूण छान. 'इफ आय वॉज' पूर्ण चूक का? आणि 'आय'ड' दिसलं की ती थबकते.

फोंडा_व्याकरण
बोलण्यात 'वॉज' सर्रास चालतं; पेपरात 'इफ आय वर' लिहावं. 'आय'ड'साठी पुढचं क्रियापद बघा. मूळ रूप असेल तर 'वुड' (आय'ड गो), तिसरं रूप असेल तर 'हॅड' (आय'ड गॉन). 'आय'ड हॅव गॉन' यात पुढे 'हॅव' हे मूळ रूपच आहे, म्हणजे 'वुड'.

शब्दांची_उठाठेव
'इफ'पुढे 'विल' कधीच नाही असं मात्र शिकवू नका. 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल हर' बरोबर आहे, कारण तिथे 'विल' म्हणजे भविष्यकाळ नव्हे, 'थांबायची तयारी असेल तर' अशी विनंती आहे. नववीला हे शेवटी सांगा, आधी सांगितलंत तर पुन्हा सगळीकडे 'विल' येईल.