१७ सप्टेंबरच्या बॅनरवरच्या पांढऱ्या रेघा

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनासाठी स्टेजमागचा बॅनर तयार झालाय, १० बाय ८ फूट, पीडीएफ वर टाकलीय. आज रात्रीपर्यंत सगळ्यांनी बघून घ्या, उद्या सकाळी छापायला द्यायचीय. डिझाइन आपल्या बी १०४ च्या दादानं केलंय, पैठणीची आसावलीची वेल घेतलीय मागं, फार छान काम केलंय पोरानं

डी ४०१ भाऊ: एक नंबर 👌 पण काका त्या जांभळ्यावर उभ्या आडव्या पांढऱ्या रेघा कसल्या दिसायल्यात? मुद्दाम आहेत का

सी २०१ काकू: मला बी दिसायल्यात. चष्मा पुसून बघितलं तरी आहेतच

बी १०४ दादा: काकू रेघा मी काढलेल्या नाहीत, इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलीचा एक चौकोन, म्हणजे टाइल केली आणि तीच शेजारी शेजारी लावून पॅटर्न भरलाय. टाइल एकदम जुळवलीय, कुठंच फट नाही. फ्लेक्सवाला म्हणायलाय की ही स्क्रीनची भानगड आहे, छापल्यावर येत नाही, टेन्शन घेऊ नका

ए ३०२ ताई: काका प्लीज अजून देऊ नका छापायला. दादा तुझं बरोबर आहे, तुझ्या चित्रात फट नाहीये. आणि फ्लेक्सवाला म्हणतोय ते अर्धंच खरंय, उरलेलं अर्धं सांगते. आधी एक कर, १०० टक्क्यावर बघ, मग ४००, मग १६०० वर. रेघ जाड होते का तेवढीच राहते?

बी १०४ दादा: तेवढीच राहते ताई, केसाएवढी. मधेच एखाद्या झूमला गायबच होते

ए ३०२ ताई: मग खरी फट नाही. खरी फट असती तर झूमबरोबर रुंद झाली असती, तेव्हा टाइलच्या मागचा बिनरंगाचा चौकोन तपासावा लागतो, कारण टाइलची हद्द तोच ठरवतो. तुझ्याकडं भानगड कडा मऊ दाखवण्याची आहे, अँटी-अलायझिंग. नीट ऐक. टाइलची कड पिक्सेलच्या बरोबर मधे पडली समज. डावी टाइल म्हणते यातला अर्धाच माझा, म्हणून तिथं ५० टक्के जांभळा लागतो, खालचा पांढरा ५० उरतो. मग उजवी टाइल येते, तीही अर्धीच, पण ती उरलेल्या ५० च्या निम्म्यालाच झाकते, म्हणजे आणखी २५. झाले ७५. राहिलेला २५ टक्के पांढरा तसाच वर दिसतो, तीच तुझी रेघ. दोन अर्धे मिळून पूर्ण झाला हे सॉफ्टवेअरला कळतच नाही, ते एकेक तुकडा वेगळा रंगवत जातं

डी ४०१ भाऊ: आयला गणितच आहे की हे

ए ३०२ ताई: गणितच आहे 🙂 म्हणून सॉफ्टवेअर बदलून काही होत नाही, कोरेल घ्या नाहीतर इंकस्केप, थोड्याफार फरकानं तेच

बी २०३ वहिनी: पाण्याचा टँकर आलाय खाली, बी विंगवाल्यांनी मोटर लावून घ्या

सेक्रेटरी काका: वहिनी धन्यवाद. ताई मग छापल्यावर येणार का नाही ते सांगा, मला तेवढंच कळायचंय

ए ३०२ ताई: काका, छापखान्याचं मोठं मशीन थेट पीडीएफ घेतं तेव्हा बहुतेक वेळा येत नाही, कारण ते कडा अशा मऊ करत नाही. पण फ्लेक्सच्या दुकानात पीडीएफ आधी फोटोशॉपमध्ये उघडतात आणि जेपीजी करतात. उघडताना तिथं अँटी-अलायझ्डचा टिक असतो, तो लावलेला असला की रेघ फाइलमध्येच कायमची बसते, मग ती स्क्रीनची राहत नाही, छापून येते. म्हणून त्याच्या भरवशावर सोडू नका

डी ४०१ भाऊ: पण ताई एवढ्या लांबून कोणाला दिसणार, केसाएवढी रेघ

ए ३०२ ताई: एकच असती तर नसती दिसली भाऊ. इंचाला ७२ पिक्सेलच्या रिझोल्यूशनला एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर, अगदी मान्य. पण ती दर साधारण १.८५ इंचाला आलीय, दहा फुटांत ६४-६५ उभ्या, तेवढ्याच अंतरानं आडव्या, आणि डोळा जाळी लगेच पकडतो. त्यात सगळे बॅनरसमोर उभं राहून फोटो काढणार, फोटोत ती जाळी अजून उठून दिसते. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला त्या दिवसाचा बॅनर आहे, ध्वजाच्या मागं चार वर्षं हाच लागणार, नीट करूनच देऊ

सी २०१ काकू: पोरी मी मधे बोलू का. माझं माहेर पैठण, घरात माग होता. पैठणीत दोन रंग जिथं भेटतात तिथं बाणे नुसते शेजारी शेजारी आणून सोडत नाहीत, एकमेकांत अडकवतात. नुसते आणून वळवले तर मधे उभी फट पडते, उजेडात धरलं की आरपार दिसतं. तसंच झालेलं दिसायलंय हे

ए ३०२ ताई: काकू!! अगदी हेच. टाइला नुसत्या शेजारी ठेवल्यात, सांधा अडकवलेला नाही. दादा काकूंचं ऐकलंस ना, आता उपाय त्याच रस्त्यानं करायचाय

बी १०४ दादा: सांगा ताई, लॅपटॉप उघडाच आहे

ए ३०२ ताई: आधी सांग टाइलची साइज किती

बी १०४ दादा: पॅटर्न ऑप्शन्समध्ये १३३.३३७ बाय १३३.३३७ पॉइंट दाखवतंय. मोठा काढला होता मग स्केल केला

ए ३०२ ताई: तिथूनच सुरुवात. टाइल पूर्ण आकड्यात आण, १४४ बाय १४४ पॉइंट कर, म्हणजे बरोबर २ इंच, बॅनर १२० बाय ९६ इंच आहे तर आडव्या ६० टाइला आणि उभ्या ४८ पुऱ्या बसतील, कडेला अर्धी वेल कापली जाणार नाही हा वरचा फायदा. एक्स वाय पण पूर्ण आकड्यात ठेव. आणि त्यानंतर पॅटर्नला ३३ टक्के ६७ टक्के असं स्केल करायचं नाही, आकडा परत दशांशात जातो. एवढ्यानं १०० टक्क्याला रेघा जातील पण फ्लेक्सवाल्यानं साइज थोडी जरी ताणली की परत येतील, म्हणून यावर थांबू नको. खरा उपाय पुढचा, आणि मला विचारशील तर हा एकच केला तरी चालेल: टाइलमधला जांभळा चौकोन काढूनच टाक. टाइलमध्ये फक्त वेल राहू दे, मागं काही नाही. आणि जांभळा खाली एकच अखंड, अपिअरन्स पॅनेलमध्ये पॅटर्नच्या फिलच्या (आत भरलेल्या रंगाच्या) खाली अजून एक साधा जांभळा फिल घाल. जांभळ्याला सांधाच उरला नाही तर फट कुठून दिसणार

बी १०४ दादा: आणि सोनेरी वेल टाइलची कड ओलांडते तिथं?

ए ३०२ ताई: बरोबर पकडलंस. तिथं सांधा राहतो पण आता त्यातून पांढरा नाही, जांभळाच हलका डोकावतो, दोन फुटांवरून पण कळत नाही. तरी टाइल थोडी सरकवून बघ, जाड पानं फुलं कडेवर नकोत, बारीक देठ तेवढा कड ओलांडू दे

ए १०२ दादा: ताई माझी मुलगी इंकस्केपवर रांगोळीचे पॅटर्न करते तिलाही असंच येतं

ए ३०२ ताई: तिलाही खाली अखंड रंग टाकायला सांगा. नुसतं तपासायचं असलं तर डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये अँटी-अलायझिंगचा टिक काढून बघायचा, रेघा गेल्या तर चित्र बरोबर आहे. इलस्ट्रेटरमध्ये तोच टिक प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये असतो, आणि अ‍ॅक्रोबॅटमध्ये पेज डिस्प्लेत स्मूद लाइन आर्ट म्हणून

बी १०४ दादा: केलं ताई. रेघा गेल्या!! झूम कितीही केला तरी नाहीत. आता काढू कशी फाइल

ए ३०२ ताई: वाहवा 👏 ७२ पीपीआयला जेपीजी काढ, ८६४० बाय ६९१२ पिक्सेल येईल, अँटी-अलायझिंग आर्ट ऑप्टिमाइज्ड ठेव, अक्षरं गुळगुळीत राहतील. पुढं कधी मागं अखंड रंग टाकता येत नसला, फोटो किंवा खूप रंगांची टाइल असली, तर अँटी-अलायझिंग नन, म्हणजे बंद ठेवून दुप्पट साइजला काढायचं आणि मग फोटोशॉपमध्ये निम्मं करायचं. नन असलं की प्रत्येक पिक्सेल एकाच टाइलचा होतो, अर्ध्याचा प्रश्नच येत नाही, आणि निम्मं करताना कडा आपोआप मऊ होतात. पण मशीनला मेमरी लागते, आज गरज नाही

सी २०१ काकू: बाळा वेलीचं फूल डावीकडं जरा जास्त झुकल्यासारखं वाटतंय, जरा सरळ कर बघ

बी १०४ दादा: हो काकू लगेच बदलतो, तुम्ही परत बघून सांगा

सेक्रेटरी काका: ठीक आहे. मग पीडीएफ नाही, जेपीजीच द्यायची, बरोबर ना ताई. दादा तू सकाळी माझ्यासोबत चल, पेनड्राइव्ह घे, छापायच्या आधी त्याच्या स्क्रीनवर १०० टक्क्याला उघडून बघू

ए ३०२ ताई: हो काका जेपीजीच. आणि त्याला साइज ताणू देऊ नका, १० बाय ८ फुटांचीच आहे ती, मार्जिन हवं असेल तर बाहेरून साधा जांभळा जोडायला सांगा

बी १०४ दादा: काकू फूल सरळ केलं, नवीन फाइल टाकलीय वर, बघता का

सी २०१ काकू: आता बरोबर आहे. द्या छापायला