आत्तुशचा बटवा: परंपरा की पर्यटकी माल?

दोरवा: जपानच्या होक्काइदो बेटावर निबुतानी हे आइनू या मूळनिवासी लोकांचं गाव. तिथल्या बायका ओह्यो या एल्मच्या जातीच्या झाडाच्या अंतर्सालीपासून आत्तुश नावाचं कापड विणतात. २०१३ साली सरकारने त्याला 'पारंपरिक हस्तकला' हा दर्जा दिला. आता त्याचे बटवे, कार्ड ठेवायची पाकिटं निघतात म्हणून काही जण नाकं मुरडतात. माझं मत: विणकरणीने बटवा खुशाल विकावा, चढ्या भावाने विकावा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला साल काढायची, राखेच्या पाण्यात उकळायची, धुऊन पदर सुटे करायचे, वाळवायचे, बारीक पट्ट्या फाडायच्या, पीळ देत गाठीला गाठ जोडून सूत लांबवायचं. मग कुठे माग. तोही कसला, तर पट्टा कमरेला बांधायचा आणि स्वतःच्या अंगाने ताण धरून बसायचं. खरा जीव जातो तो सुतातच.

तिरकस: कष्टांबद्दल वाद नाही. पण आत्तुशच्या अंगरख्यावरची आइनू नक्षी, म्हणजे मोरेउ हे गोल वळण आणि आयउशी हा काटा, घरातल्या माणसासाठी काढलेली असे. ती पाकिटावर आली की उरतं काय? आणि दर्जा देणारं कोण, तेही बघा. याच राज्यसत्तेने १८७१ साली आइनू बायकांच्या गोंदणावर बंदी घातली, १८९९ च्या कायद्याने या लोकांना शेतकरी आणि जपानी बनवायचा घाट घातला. तो कायदा रद्द व्हायला १९९७ उजाडलं. आधी मोडायचं, मग शिक्का मारून जपायचं!

गलबत: "आता बाजारात आलं" हे मुळातच चूक. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये, आत्तुश होक्काइदोबाहेर जात होतं. जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ये-जा करणाऱ्या कितामाएबुने जहाजांवरचे खलाशी ते वापरत, कारण चिवट आणि पाण्याला दाद न देणारं. घरासाठीही विणलं, विकण्यासाठीही.

तिरकस: विकलं की काढून घेतलं? होक्काइदोच्या दक्षिण टोकाला सत्ता असलेल्या मात्सुमाए या जपानी सरदारांनी किनाऱ्याचे पट्टे व्यापाऱ्यांना ठेक्याने दिले आणि त्या व्यापाऱ्यांनी आइनूंना मासेमारीवर अक्षरशः राबवलं. भाव ठरवायचा हक्क विणणारीला कधी होता?

दोरवा: मग माझंच म्हणणं पुढे गेलं ना? आता तो तिला मिळू दे.

साप्पोरोची सून: इथे होक्काइदोत राहते म्हणून लिहिते. तुमची भांडणं बटव्यावर, अडचण झाडाची आहे. रीत अशी, की झाडाची साल एका बाजूनेच सोलायची आणि उरलेली वाऱ्याने सुटू नये म्हणून सालीच्याच पट्टीने बांधायची. झाड जगतं. पण जंगल मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, सरकारजमा झालं. २०१९ च्या कायद्याने आइनूंना मूळनिवासी म्हटलं, सरकारी जंगलातून असा माल गोळा करण्याची सोयही ठेवली. मात्र नगरपालिकेने आराखडा करायचा आणि पंतप्रधानांनी तो मंजूर करायचा. आपल्याच जंगलातली साल, ती या वाटेने! आणि निबुतानीचं धरण विसरू नका. त्यासाठी घेतलेली जमीन बेकायदा घेतली असं १९९७ मध्ये साप्पोरो न्यायालयाने सांगितलं, पण धरण बांधून झालं होतं. ते तसंच राहिलं.

नवखा: आइनू नसलेल्या मुलीने शिकून विणलं तर चालेल का?

गलबत: त्या दर्जाचे निकष तंत्राचे, कच्च्या मालाचे आणि प्रदेशाचे आहेत. वंश कोणी विचारत नाही.

तिरकस: तेच खुपतं. उद्या गावात आइनू विणकरीण एकही नसली तरी शिक्का चालूच राहील.

दोरवा: हा मुद्दा पटला. त्यावर उपाय म्हणून तरी तिच्या घरच्या पोरीला यात पोट भरेल एवढा भाव मिळायला नको का? भांडायचंच असेल तर मोरेउ छापलेल्या यंत्रावरच्या स्वस्त पिशवीशी भांडा.

तिरकस: पिशवीशी भांडतोच आहे. पण चढ्या भावाचा आत्तुश तिच्या स्वतःच्या गावात कोण अंगावर घालणार, तेवढं सांगा.