रिंग वाजली की ब्रॉडबँड जातं, बोलताना मात्र नीट चालतं. दोष कुठे शोधायचा?

नीलांबरी

नमस्कार. घरी तांब्याच्या तारेवरची लँडलाइन आहे आणि त्याच तारेवर एडीएसएल ब्रॉडबँड (फोनच्याच तारेवरून येणारं नेट). बरेच दिवस नीट चाललं, आता मात्र फोन आला की पहिल्या-दुसऱ्या रिंगलाच मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो आणि नेट जातं. पुन्हा जोडलं जायला दोनेक मिनिटं लागतात. गंमत अशी की फोन उचलून बोलत राहिलं तर त्या वेळात नेट अगदी व्यवस्थित चालतं. फोन खाली ठेवला की थोड्या वेळानं पुन्हा तुटायची भीती.

मी घरून वर्ग घेते. मधेच नेट गेलं की मुलं ताटकळतात. आईला मोबाइलवर नीट ऐकू येत नाही, तिचे सगळे फोन लँडलाइनवरच येतात. त्यामुळे फोन काढून ठेवा, असा सल्ला कृपया देऊ नका.

मांडणी अशी: बाहेरची तार हॉलमधल्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीत येते. तिथून स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी फिल्टरची डबी), त्याच्या एका तोंडाला मोडेम आणि दुसऱ्याला तारेचा साधा फोन. त्याच रोझेटमधून आतल्या खोलीत एक पॅरलल, म्हणजे दुसऱ्या फोनसाठीची तार गेली आहे, तिथे कॉर्डलेस आहे. मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीमचा एसएनआर मार्जिन (खडखडीच्या वर सिग्नलला किती मोकळीक उरते तो आकडा, जास्त तितका चांगला) कधी ११ डेसिबल दिसतो, कधी एकदम ५. हेल्पलाइनवर दर वेळी मोडेम रीसेट करायला सांगतात. रीसेट केल्यावर पुढची रिंग वाजेपर्यंत सगळं ठीक असतं.

दोष घरात आहे की बाहेर, हे माझं मला कसं ओळखता येईल?

निळा_दिवा

आतल्या खोलीतला पॅरलल स्प्लिटरच्या आधीच निघालाय, म्हणजे कॉर्डलेसला फिल्टरच नाही. माझी पहिली शंका त्याच्यावर.

बोलण्याचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये मावतो. एडीएसएल त्याच्या बरंच वर, सुमारे २५ किलोहर्ट्झपासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंत चालतं, एडीएसएल२+ असेल तर २२०८ पर्यंत. फिल्टरचं काम एवढंच की वरचे सिग्नल फोनमध्ये जाऊ नयेत आणि फोनची खडखड वर जाऊ नये. त्या कॉर्डलेसला वेगळा मायक्रोफिल्टर लावा. मोडेमच्या वाटेत मात्र फिल्टर येता कामा नये. आणि स्प्लिटरवर 'लाइन' लिहिलेल्या तोंडात बाहेरचीच तार आहे ना, तेही बघून घ्या.

जुनी_तार

नीलांबरीताई, निळा_दिवा म्हणतात तो फिल्टर लावाच, तो हवाच आहे. पण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला फिल्टरपेक्षा महत्त्वाची वाटते: बोलताना नेट नीट चालतं.

मी फोनच्या तारांच्या दुरुस्तीतच नोकरी काढली, खांबावरही आणि एक्स्चेंजमध्येही. फिल्टर नसलेला फोन उचलला की नेट बिघडतं, सुधारत नाही. तुमच्याकडे उलट होतंय. याला मी आधी कच्चा जोड समजतो, मग बाकी सगळं.

कारण सांगतो. फोन खाली ठेवलेला असतो तेव्हा तारेवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो, पण प्रवाह जवळजवळ शून्य. कुठेतरी दोन तारा पिळून जोडल्या असतील आणि त्यांच्यात ओल शिरली असेल तर तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. प्रवाह नसला की तो थर तसाच राहतो आणि जोड अर्धवट वाहतो. रिंग येते तेव्हा त्याच जोडावर ७५ ते ९० व्होल्टचा एसी येतो, सेकंदाला वीस-पंचवीस हेलकाव्यांचा. प्रत्येक हेलकाव्याला जोड बारीक तडतडतो. ती तडतड एका सुरात नसते, खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सीवर पसरते, आणि मोडेमचा धागा तुटतो. तुम्ही फोन उचलता तेव्हा तारेतून वीस-तीस मिलिअँपिअर डीसी वाहू लागतो. तेवढ्यानं तो थर भेदला जातो, जोड पक्का असल्यासारखा वागतो आणि मार्जिन वर येतो. फोन ठेवला की थर हळूहळू पुन्हा बसतो. तुमचे ११ आणि ५ हे आकडे मला याचेच वाटतात.

आता घरात काय करायचं ते. रोझेट उघडून आतल्या खोलीकडे जाणारी दोन तारांची जोडी सोडवा. ते करताना फोन येऊ शकतो, आणि रिंगचा झटका चांगलाच बसतो. उघड्या तारेला ओला हात लावू नका, आभाळ गडगडत असेल तर काम दुसऱ्या दिवशी. नुसतं प्लग काढून भागणार नाही, कारण लोंबकळती तारसुद्धा सिग्नल परतवते आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीवर सिग्नलमध्ये खड्डा पाडते. मग रोझेटला फक्त स्प्लिटर, मोडेम आणि तारेचा साधा फोन ठेवा. मोबाइलवरून लँडलाइनला रिंग द्या. नेट गेलं तर स्प्लिटर बदलून पुन्हा रिंग द्या, मग फोन बदलून. फोन अजिबात न लावता ही परीक्षा घेऊ नका. रिंगचा प्रवाह ओढणारं काही नसलं की जोड गप्प बसतो आणि तार चांगली आहे असा भास होतो.

दुसरी परीक्षा कानाची आहे, आणि माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे. मोडेम बंद करा. साधा फोन उचला, डायल टोन आला की कुठलाही एक आकडा दाबा. टोन थांबून काही सेकंद शांतता मिळते, तेवढ्यात कान देऊन ऐका. खरखर किंवा तडतड असेल तर जोड. एकसारखी घुंई असेल तर तार कुठेतरी जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकते आहे. मोडेम चालू केल्यावरच येणारा सळसळता आवाज असेल तर फिल्टर. कॉर्डलेसवर हे करू नका, त्याची स्वतःची खरखर वेगळी असते.

रात्रपाळी

मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडे फोन पूर्ण मुका आहे, डायल टोनसुद्धा नाही, पण नेट चालू आहे. हळू आहे, पण आहे. तार तुटली असेल तर नेट कसं येतंय?

जुनी_तार

रात्रपाळी, तुमच्या जोडीतली एक तार तुटली असावी. फोनला डीसीचा पूर्ण फेरा लागतो, दोन्ही तारा अखंड असल्याशिवाय टोन येत नाही. एडीएसएलच्या उंच फ्रिक्वेन्सी मात्र तुटलेल्या जागची बारीक फट कपॅसिटरसारखी ओलांडतात. म्हणून नेट लंगडत का होईना चालतं. फोन बंद असल्याची तक्रार लगेच द्या. नेट चालू आहे म्हणून थांबू नका, ती फट वाढली की तेही जाईल.

निळा_दिवा

हे मला नवीन आहे, धन्यवाद. माझ्याकडून एक भर: फॅक्स, कॉलर आयडीचा वेगळा डबा, फोन लावणारा चोरघंटीचा अलार्म, यांतलं काहीही लाइनवर असेल तर त्यालाही फिल्टर लागतो. लोक अलार्म हमखास विसरतात. शिवाय मोडेम आणि फोन यांच्या वाटेत टेलिफोनचा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा डबा) असेल तर परीक्षेपुरता काढून बघा, काही प्रोटेक्टर वरच्या फ्रिक्वेन्सी खातात. आणि रोझेटपासून मोडेमपर्यंतची चपटी दोरी लांब असेल तर आखूड करा. तिच्या तारांना पीळ नसतो, त्यामुळे ती अँटेनासारखी मीडियम वेव्ह रेडिओ ओढून घेते. ती स्टेशनं ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे एडीएसएलच्या पट्ट्यातच. रात्री ती लांबून येतात. फक्त रात्रीच त्रास होणाऱ्यांनी आधी दोरी बघावी.

नीलांबरी

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. आतली जोडी सोडवली, दोरी आखूड आहे, प्रोटेक्टर किंवा अलार्म नाही. रिंग दिली, नेट गेलं. शेजाऱ्यांकडून स्प्लिटर आणला, तरी गेलं. त्यांचाच फोनही लावून पाहिला, तसंच.

मग कानाची परीक्षा. फोन उचलल्या उचलल्या स्पष्ट तडतड, वाळलेल्या पानांवर पाय पडावा तशी. फोन तसाच हातात धरून ठेवला तर ती हळूहळू विरते. मोडेम चालू करून मार्जिनही पाहिला: फोन खाली असताना ५ ते ६, उचलून ठेवला की ११. काका, हे तुम्ही लिहिलंत तसंच आहे ना? आता तक्रार कशी देऊ? ब्रॉडबँड तुटतं म्हटलं की गाडी पुन्हा मोडेम रीसेटवर येते.

जुनी_तार

हो, तंतोतंत तेच. दोष रोझेटपासून आत, घरात नाही, बाहेरच्या तारेत आहे.

तक्रार ब्रॉडबँडची देऊ नका. 'लँडलाइनवर खरखर आहे, फोन उचलल्या उचलल्या सगळ्यात जास्त येते' अशी फोनची तक्रार द्या. ती थेट लाइनमनकडे जाते, आणि त्याच्याकडे ती मोजायची साधनं असतात. तो आला की नुसतं तोंडी सांगू नका, त्याला तुमच्या फोनवर ती तडतड ऐकवा. एक लक्षात ठेवा: त्यानं फोन उचलून चाचणी सुरू केली की प्रवाहामुळे जोड तात्पुरता बरा होतो आणि 'लाइन ओके' असं ठरतं. म्हणून तो यायच्या आधी बराच वेळ फोन उचलू नका, आणि पहिल्या उचलीचा आवाज त्याच्याच कानानं ऐकू द्या. या एका कारणानं कित्येक कच्चे जोड वर्षानुवर्षं तसेच राहतात. फोनवाला म्हणतो लाइन चांगली, ब्रॉडबँडवाला म्हणतो मोडेम चांगला, आणि ग्राहकाचं कुणालाच खरं वाटत नाही. याचं मला नोकरीतही वाईट वाटायचं, आजही वाटतं.

बाहेरची तार घराच्या तारेला जिथे जोडली आहे ती जागा शोधून ठेवा. खिडकीच्या छज्जाखाली, गच्चीच्या कठड्यापाशी, काळी टेप गुंडाळलेली गाठ दिसेल. पहिल्यांदा तिथेच बघायला सांगा, मग डीपीचा डबा, जिथून घराघरांच्या तारा फुटतात तो. जोड नव्यानं करताना नुसता पीळ आणि टेप नको, जेली भरलेला कनेक्टर दाबून बसवायला सांगा. टेप पाणी अडवत नाही, आत गेलेलं धरून ठेवते.

नीलांबरी

लाइनमन येऊन गेले. पहिली उचल त्यांना ऐकवली, ऐकताच त्यांनी मान डोलावली आणि सरळ बाहेर गेले. छज्जाखालची गाठ सोडली तर एक तार हिरवी पडलेली, हात लावताच तुटली. दोन्ही टोकं मागे कापून चकचकीत तांब्यावर जेलीचे कनेक्टर लावले. डीपीतला जोडही त्यांनी आपणहून साफ केला. आतल्या खोलीची जोडी आता स्प्लिटरच्या फोनच्या तोंडातून घेतली आहे, त्यामुळे कॉर्डलेसलाही तोच फिल्टर मिळतो.

त्यानंतर आईचे फोन आले, वर्ग चालूच राहिला. मार्जिन फोन खाली असतानाही १२ आणि उचलल्यावरही १२. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. एकच शंका: वेग मात्र अजून पूर्वीइतका आलेला नाही. अजून काही राहिलंय का?

जुनी_तार

दोन्ही वेळी मार्जिन सारखाच आहे, म्हणजे जोड पक्का बसला. फार बरं वाटलं.

वेगाचं असं की मोडेम जोडला जातो त्या क्षणी तारेची जी अवस्था असते तिच्यावर तो वेग ठरवतो. म्हणून दुरुस्तीनंतर एकदा बंद करून चालू करा. पण एकदाच. काही एक्स्चेंजमध्ये सारखी तुटणारी लाइन आपोआप खालच्या वेगावर बांधली जाते आणि ती काही दिवस न तुटता चालली तरच वर सोडतात. घाईनं रोज रीसेट केलंत तर तिथली यंत्रणा तेही तुटणंच समजेल. मोडेम रात्रंदिवस चालू ठेवा. आठवडाभरानंही वेग चढला नाही तर प्रोफाइल, म्हणजे तिकडून लाइनला बांधून दिलेला वेग, वाढवून मागा, आणि मागताना १२ डेसिबल मार्जिन आहे हे आवर्जून सांगा.

आणि कॉर्डलेसवरून बोलताना वायफाय मंदावलं तर तारेला दोष देऊ नका. तो कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झचा असू शकतो, त्याचा तळ मोडेमपासून लांब ठेवा.