मदत हवी आहे: सिंगापूरला मार्की क्लब, टेबल घ्यावं की नुसतं तिकीट?

पुढच्या महिन्यात सिंगापूरला जातोय, चार मित्र आणि एकाची बायको, सगळे तिशीतले. शनिवारी रात्री मरीना बे सँड्समधल्या मार्कीला जायचंय, तेच ज्याच्या आत आकाशपाळणा आणि तीन मजली घसरगुंडी आहे. वेबसाईट वाचून झाली, मेल टाकला तर टेबलाचा किमान खर्च आणि पुढे ‘प्लस प्लस’ एवढंच उत्तर आलं. म्हणजे वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी, हे कळलं. पण पाच जणांत टेबल परवडतं का, की तिकिटं काढून लवकर गेलेलं बरं? उभं राहायला आमची हरकत नाही, फक्त घसरगुंडीवर जायचंच आहे (हट्ट वहिनींचा, आमचा नाही).

ड्रेस कोड माहितीये, चपला-हाफपँट बाद. मेट्रो बाराच्या सुमारास बंद होते आणि मीटर टॅक्सीला मध्यरात्रीनंतर ५० टक्के जास्त पडतात तेही धरलंय, हॉटेल लिटल इंडियात आहे.

कोणी हल्ली जाऊन आलंय का? नुसत्या तिकिटावर घसरगुंडी, पाळणा मिळतो का, आणि दारावर ओरिजिनल पासपोर्टच मागतात की मोबाईलमधला फोटो चालतो?