तिसऱ्या राऊंडची वाट बघू की मिळालेली सीट फ्रीझ करून मोकळा होऊ? डोकं चालेना झालंय

कृष्णाकाठ:
नमस्कार. इंजिनिअरिंगच्या कॅपचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) दुसरा राऊंड लागला, मला सातवा ऑप्शन मिळालाय, कॉलेज बरं आहे पण ब्रँच सिव्हिल. माझा जीव सांगलीच्या वालचंदच्या इलेक्ट्रॉनिक्सवर आहे आणि तिथला या राऊंडचा कटऑफ माझ्या पर्सेंटाइलपेक्षा फक्त पॉइंट तीनने वर थांबलाय. पॉइंट तीन! एक प्रश्न बरोबर आला असता तर आज ही पोस्ट लिहिली नसती असं सारखं वाटतं. उद्या पाचपर्यंत हजार रुपये भरून फ्रीझ (हीच सीट पक्की, पुढचे राऊंड नाहीत) की नॉट फ्रीझ (सीट ठेवून पुढच्या राऊंडला जायचं) ते सांगायचंय. रात्री दोन दोनला उठून गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ बघतो, काहीच बदललेलं नसतं तरी बघतो. बाबा काही बोलत नाहीत, आत्याचा रोज फोन येतो "लागलं का रे कुठं?", मी आता फोनच उचलत नाही. मित्रांनी हॉस्टेलच्या गाद्यासुद्धा घेतल्या. तुम्ही हे दिवस कसे काढलेत?

दोघींची_आई:
बाळा आधी जेवण झोप नीट कर, मग बाकीचं. माझ्या मुलीचं गेल्या वर्षी अगदी असंच होतं म्हणून सांगते. नॉट फ्रीझ केलंस तरी हातातली सीट जात नाही, पुढच्या राऊंडला दुसरं काही लागलं तरच ती सुटते. पण तिसऱ्या राऊंडला पहिल्या सहातलं काहीही लागलं की आपोआप फ्रीझ होतं (पहिल्या राऊंडला एक, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला सहा असं होतं गेल्या वर्षी, यंदाच्या माहितीपुस्तिकेत एकदा बघून घे). ऑप्शन फॉर्म नव्याने भरायचा असतो, तेव्हा फॉर्म भरलेला दिसावा म्हणून मुलं पंधरा वीस कॉलेजं टाकतात, तिथेच फसतात. हातात आहे त्यापेक्षा जे तुला खरंच जास्त आवडेल तेवढंच टाक, तीन असले तर तीन. आम्ही घाईत एक लांबचं कॉलेज चौथ्या नंबरला टाकलं होतं, तेच लागलं, आधीची सीट गेली, आणि पोरगी आठ दिवस रडत होती. आता रमलीय पण ते आठ दिवस मी विसरले नाही.

लातूरचा_बाप:
मी वेगळं सांगतो, राग मानू नकोस. सिव्हिल नकोच आहे की फक्त मित्रांना कॉम्प्युटर मिळालं म्हणून नको वाटतंय, हे आज रात्री कागदावर लिहून बघ. मी स्वतः २६ वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामावर आहे, या कामानं मला कधी रिकामं ठेवलं नाही. नको असेल तर खुशाल पुढे जा. पण वडील गप्प आहेत म्हणजे नाराज आहेत असं धरू नकोस, आम्हाला पण काय बोलावं ते सुचत नसतं रे. फी, हॉस्टेल, मेसचा हिशोब डोक्यात चालू असतो आणि तुझ्यासमोर ते काढायचं नसतं. तूच जाऊन शेजारी बस, विषय काढ.

वेटिंग_११:
दादा मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. माझं सगळे राऊंड संपून इन्स्टिट्यूट लेव्हलला गेलं होतं, म्हणजे उरलेल्या जागांसाठी कॉलेज स्वतः अर्ज घेऊन मेरिट लावतं तो प्रकार. वेटिंग ११ होतो, ४ पर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. नाही मिळालं. हे सांगतो कारण सगळे फक्त मिळाल्याच्या गोष्टी सांगतात.
जागा सुटतात त्या कुणीतरी दुसरीकडे गेल्यामुळे. जोसा (आयआयटी-एनआयटीचे देशभराचे प्रवेश) संपल्यावर उरलेल्या एनआयटीच्या जागांसाठी सीसॅबचे स्पेशल राऊंड होतात, त्यात कुणाला एनआयटी मिळते, नागपूरच्या व्हीएनआयटीत तर निम्म्या जागा आपल्या राज्यातल्या मुलांना आहेत, कुणी मेडिकलला जातं. त्यामुळे कटऑफ खाली येतो. पॉइंट तीन येईल का ते कुणालाच सांगता येणार नाही, जो छातीठोक सांगेल त्याचं ऐकू नको. गेल्या वर्षीचा दुसरा आणि तिसरा राऊंड शेजारी ठेवून फक्त तुझ्या कॅटेगरीचा कोड बघ, एकदाच बघ, आकडा वहीत लिही आणि पीडीएफ बंद.
मला दोन गोष्टींनी तारलं. पोर्टल फक्त सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहाला उघडायचं, मोबाईल रात्री आईच्या खोलीत. आणि हातातलं कॉलेज जाऊन बघून आलो. तोपर्यंत ते माझ्यासाठी नुसता एक कोड नंबर होता. लॅबमधल्या एका सरांनी अर्धा तास बसवून सगळं दाखवलं, परत येताना एसटीत पहिल्यांदा शांत झोप लागली. काही कॉलेजात पहिल्या वर्षानंतर जागा रिकामी असेल तर मार्कांवर ब्रँच बदलून मिळते, तेही तिथेच विचारून घे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काकू, माझ्या फॉर्ममध्ये खरंच चौदा ऑप्शन टाकायचे ठरले होते, आता तीनच ठेवतोय. नॉट फ्रीझ करून हजार भरले. काका, रात्री बाबांजवळ बसलो, ते म्हणाले खर्चाचं मी बघतो तू ब्रँचचं बघ, मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही पण बरं वाटलं. गुरुवारी दोघं मिळून सिव्हिलचं कॉलेज बघायला जातोय. दादा, तिथे लॅबमध्ये काय काय विचारू ते जरा लिहून टाकशील का?

वेटिंग_११:
टाकतो रात्री. सर्व्हे लॅब आणि शेवटच्या वर्षाची मुलं, ही दोन नक्की गाठ.